डंकन, पॉपोविच आणि श्रेयाचं गणित
सॅन अँटोनियो स्पर्स या एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) संघाच्या टिम डंकनचा खेळ कंटाळवाणा होता आणि त्याची पाच विजेतेपदं ही खरी प्रशिक्षक ग्रेग पॉपोविचची कमाई, असं काही जण म्हणतात. कंटाळवाणा? असेल बुवा. तोच तो कोनातून फळीवर आपटून बास्केटमध्ये जाणारा चेंडू, चेहऱ्यावर रेषही हलत नाही. पण दुसरा मुद्दा पटत नाही.

१९९६-९७ मध्ये हंगाम सुरू झाल्यावर पॉपोविचने संघ हातात घेतला, तेव्हा स्पर्सनी ८२ पैकी जेमतेम २० सामने जिंकले. संघाचा मुख्य खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन जायबंदी होता हे मान्य. पुढच्या वर्षी तो परतला, डंकन आला आणि ५६ विजय! १९९९ ला पहिलं विजेतेपद.

आणि २००३ च्या अंतिम मालिकेतला नेट्सविरुद्धचा सहावा सामना काढून बघाच. डंकनचे २१ गुण, २० रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू), १० असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास), ८ ब्लॉक (अडवलेले फटके), तेही विजेतेपद ठरवणाऱ्या सामन्यात. हे काय प्रशिक्षकाने फळ्यावर डावपेच आखून मिळतं?

श्रेय वाटायचंच तर २०१३ पण धरा. मायामी हीटविरुद्धच्या अंतिम मालिकेत सहाव्या सामन्याच्या शेवटच्या सेकंदांत डंकनला बाकावर बसवलं होतं ते पॉपोविचनेच. तेवढ्यात मायामीच्या बॉशने रिबाउंड पकडला, त्याचा सहकारी रे अ‍ॅलनने तीन गुणांचा फटका मारून बरोबरी साधली, मग स्पर्सच्या हातून सामनाही गेला आणि मालिकाही. पुढच्या वर्षी, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्याच मायामीला ४-१ ने हरवलं डंकनने.