दिल्लीची रिंग रेल्वे फसली, म्हणून नागपूरने नावच काढू नये का?

कामठीकर: नागपूरलाही शहराभोवती गोल फिरणारी रिंग रेल्वे हवी, असं माझं म्हणणं. त्यावर काल इथे एकाने लिहिलं, 'दिल्लीची रिंग रेल्वे रिकामी धावते, नागपूरला मेट्रो पुरे.' वाचून डोकंच तापलं. ती ३५ किमीची लाइन १९७५ साली आली ती मालगाड्यांसाठी, गर्दीच्या स्टेशनांतून त्या जाऊ नयेत म्हणून. १९८२च्या एशियाडसाठी तिच्यावर प्रवासी गाड्या वाढवल्या. गाड्या मोजक्या, स्टेशनबाहेर बसची धड जोड नाही, मग माणूस चढेल कशाला? मॉस्कोत १९०८ची मालगाड्यांचीच गोल लाइन होती. २०१६मध्ये तिच्यावर ३१ स्टेशनं केली, मेट्रोला जोडली, आज लोक वापरतात.

मी रोज कामठीहून हिंगणा एमआयडीसीत जातो. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत ऑटो, शहराच्या मधोमध बर्डीला (सीताबर्डी) मेट्रो बदल, लोकमान्य नगरहून पुन्हा शेअर ऑटो. आपली मेट्रो अधिकच्या चिन्हासारखी आहे. कुठूनही कुठेही जा, बर्डी चुकत नाही.

त्रिमूर्ती नगर: ते मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणतो. कामठी, कळमना, इतवारी, अजनी इथे रूळ आहेत, मान्य. हिंगण्याकडे कुठे आहेत? अर्ध्या वर्तुळाला रिंग म्हणायचं? दुसऱ्या टप्प्यात ४३.८ किमी मेट्रो मंजूर आहे, त्यात हिंगणाही आहे आणि कन्हानही.

कामठीकर: चारही हात लांबले तरी मधला सांधा बर्डीच ना!

उमरेडवाला: तुमची गोल लाइन राहू द्या राजेहो, आमची सरळ लाइन आधी द्या. नागभीडची छोटी, अरुंद रुळांची गाडी २०१९ले बंद केली रुंद रुळांसाठी, म्हणजे ब्रॉडगेजसाठी. मायी आजी भिवापूरहून मिरचीचं पोतं घेऊन इतवारीले यायची. डब्यात सगळे ओळखीचे, पोतं उतरवाले चार हात पुढं. गाडी गेली अन् आजीचं येणंच बंद झालं.

त्रिमूर्ती नगर: विषय रिंग रेल्वेचा आहे. उमरेडला एसटी जाते की.

उमरेडवाला: पोतं घेऊन एसटीत चढून पाहा एकदा! शहरात बसून आमाले शहाणपण शिकवू नका.

महाल: उमरेडवाल्यांचं खरं आहे. आम्हीही कुहीला मामाकडे त्याच गाडीने जायचो. धूर नव्हे, धूळ असायची तोंडभर, पण तिकीट परवडायचं. गेज बदलायला हरकत नव्हती, तोवर लोकांनी जायचं कसं एवढं कोणी विचारलं नाही.

कामठीकर: अहो, म्हणूनच तर रिंग हवी. नागभीडची गाडी इतवारीला येईल, पुढे मिरची कळमन्याच्या बाजारात आणि माणूस अजनीला कसा पोचणार?

त्रिमूर्ती नगर: दिल्लीचं कारण मी अर्धवट सांगितलं, एवढं घेतो मागे. रूळ चुकले नव्हते, जोड चुकली. पण हिंगण्याची जमीन कुठून आणणार ते सांगा, तोवर माझं मत बदलत नाही.

उमरेडवाला: अन् आमची गाडी?