सीपॅपने हार्ट अटॅक टळतो, असं रुग्णाला सांगणं थांबवावं का?

रात्रदिवा

स्लीप स्टडीच्या रिपोर्टवर एएचआय 22 दिसला, म्हणजे झोपेत तासाला 22 वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला, की सीपॅपबद्दल (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन) पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "मशीन लावा, नाहीतर हार्ट अटॅक येईल." या वाक्याचा दुसरा अर्धा भाग सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. चाचण्यांत तो टिकलेला नाही.

हा समज आला कुठून? 2005 साली स्पेनमधल्या संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सुमारे 10 वर्षं पाहिलेल्या पुरुषांचा अभ्यास छापला. तीव्र ॲप्निया (झोपेत श्वास अडण्याचा आजार) असून उपचार न घेतलेल्यांत हृदयविकाराचे मृत्यू जास्त होते, सीपॅप वापरणाऱ्यांत कमी. पण मशीन कोणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. ज्यांनी नाकारलं, तेच 'उपचार न घेतलेले'.

चिठ्ठ्या टाकून केलेली मोठी चाचणी 2016 ची, 'सेव्ह'. 2717 जण, वय 45 ते 75, सगळ्यांना आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार, 7 देश, त्यात भारतही. सरासरी 3.7 वर्षांत सीपॅप गटातल्या 17 टक्के लोकांना हृदयविकार, पक्षाघात वगैरे घटना झाल्या, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत 15.4 टक्के. फरक नाहीच. 2020 मध्ये स्पेनमध्ये नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांवर चाचणी झाली, तिथेही तेच.

सीपॅप देऊ नका असं मी म्हणत नाही. 'सेव्ह'मध्येच दिवसाची पेंग कमी झाली, मनःस्थिती सुधारली. तीन किंवा जास्त गोळ्यांनीही न उतरणाऱ्या रक्तदाबात स्पेनच्या 2013 च्या चाचणीत (194 रुग्ण, 12 आठवडे) 24 तासांचा सरासरी दाब साधारण 3 मिलिमीटरने जास्त उतरला. ही कारणं पुरेशी आहेत, तीच सांगा. भीती घालून विकलेलं मशीन दोन महिन्यांत माळ्यावर जातं.

आणि ॲप्निया नसलेलं नुसतं घोरणं? ऑस्ट्रेलियातल्या बसेल्टन गावच्या दीर्घ अभ्यासात (2012) घोरण्याचा मृत्यूशी किंवा पक्षाघाताशी संबंध दिसला नाही. तिथे तर हृदयाचं नावही काढू नये.

पडजीभ

घोरण्याबद्दल सहमत. बाकीच्याशी ठाम असहमत.

'सेव्ह'मध्ये लोकांनी मशीन सरासरी 3.3 तास लावलं, हे तुम्ही लिहायचं टाळलंत. झोप सात तासांची धरली तरी अर्ध्याहून जास्त रात्र बिनउपचाराची. तीही कुठली? लोक झोपताना मास्क लावतात आणि दोन-अडीचला काढून टाकतात. स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, पहाटेकडे वाढत जाते. रेममध्ये घशाचे स्नायू सगळ्यात सैल असतात, श्वास जास्त वेळ अडतो आणि ऑक्सिजन खोल पडतो. म्हणजे सगळ्यात वाईट तास मास्कविना गेले. अर्धा डोस देऊन औषध कुचकामी ठरवण्यासारखं आहे हे.

दुसरं, घेतलं कोणाला? दिवसाची पेंग मोजणाऱ्या एपवर्थ मोजपट्टीवर (8 प्रश्न, 24 गुण) 15 च्या वर गुण असलेले, म्हणजे फार पेंगणारे, वगळले. ज्यांच्या रक्तातला ऑक्सिजन रात्रीच्या 10 टक्क्यांहून जास्त वेळ 80 टक्क्यांच्या खाली होता, तेही वगळले. त्यांना मशीनविना ठेवणं नैतिक नव्हतं, हे मान्य. पण ज्यांना सर्वाधिक फायदा होण्याची शक्यता तेच बाहेर ठेवून आलेला निष्कर्ष ओपीडीतल्या प्रत्येकाला कसा लावणार?

2023 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात तीन चाचण्यांचा, 4186 जणांचा, एकत्र हिशेब आला. सगळे मिळून फरक शून्य. पण रोज 4 तास किंवा जास्त वापरणाऱ्यांत पुन्हा घटना होण्याचा धोका सुमारे 31 टक्क्यांनी कमी. रुग्णाला हे सांगायचं नाही?

रात्रदिवा

@पडजीभ, 3.3 तासांचा आकडा मूळ लेखात असायला हवा होता, चूक माझी. रेमचा मुद्दाही पटला. पण '4 तासवाले' हा गट चिठ्ठ्यांनी बनलेला नाही, तो स्वभावाने बनलेला आहे.

'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट' आठवा. 1980 साली त्यांनी साध्या, औषध नसलेल्या गोळ्यांच्या गटाचा हिशेब मांडला. 80 टक्क्यांहून जास्त गोळ्या नेमाने घेणाऱ्यांत 5 वर्षांत 15 टक्के मृत्यू, न घेणाऱ्यांत 28 टक्के. गोळीत औषध नव्हतंच! जो रोज मास्क लावतो तो रक्तदाबाची गोळीही चुकवत नाही, सिगारेट सोडतो, तपासणीला येतो. त्या 31 टक्क्यांतले मशीनचे किती आणि माणसाच्या शिस्तीचे किती, हे वेगळं काढता येत नाही.

आणि एएचआय उतरला म्हणजे मृत्यू टळला, हे समीकरणही धोक्याचं. 2015 च्या 'सर्व्ह-एचएफ' चाचणीत हृदय कमजोर असलेल्या 1325 जणांपैकी अर्ध्यांना एएसव्ही यंत्र (श्वासाप्रमाणे हवेचा दाब कमी-जास्त करणारं) दिलं. श्वास छान सुधारला, हृदयविकाराने मृत्यू मात्र वाढले.

पडजीभ

तो सेंट्रल ॲप्निया, मेंदूकडून श्वासाची सूचनाच न येण्याचा. इथे घसा बंद होतो. दोन आजार एका पारड्यात घालू नका.

शिस्तीचा आक्षेप खरा आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तरी एक सांगतो. एएचआयमध्ये 10 सेकंदांचा अडथळा आणि 60 सेकंदांचा अडथळा दोन्ही 'एक'च मोजतात. एकाचा ऑक्सिजन 92 वर थांबतो, दुसऱ्याचा 70 वर जातो, आणि रिपोर्टवर दोघेही 22. 2019 मध्ये ऑक्सिजन किती खोल आणि किती वेळ पडला याचं एकत्र माप, 'हायपॉक्सिक बर्डन', हृदयविकाराच्या मृत्यूशी जुळलं. एएचआय तितका जुळला नाही. चुकीच्या मापाने निवडलेल्या रुग्णांत फायदा पातळ होणारच. त्यामुळे 'हृदयासाठी उपयोग नाही' असं नव्हे, 'कोणाच्या हृदयासाठी, हे अजून नीट निवडलेलं नाही' असं म्हणा.

नळीवाला

वाद चालू द्या, पण दोघेही 3.3 तास हा जणू निसर्गनियम धरून चालला आहात. तो आकडा बहुतेक वेळा मास्कच्या आणि सेटिंगच्या चुकांचा असतो.

रोज दिसणारी पहिली चूक: ऑटो मशीन (दाब आपोआप बदलणारं) 4 ते 20 च्या मोकळ्या पट्ट्यावर सोडून देणं. 4 सेंटिमीटर पाण्याच्या दाबावर भारदस्त माणसाला हवा अपुरी वाटते, जीव घुसमटतो आणि तो मास्क ओढून काढतो. आठवडाभराचा डेटा काढा. 95 टक्के वेळ दाब 11 च्या आत राहत असेल तर खालची मर्यादा 7-8 ला आणा, वरची 13-14 ला. मग उरलेला एएचआय पाहा, 5 च्या खाली हवा. त्यात घसा उघडा असूनही श्वास थांबल्याच्या नोंदी वाढल्या तर दाब आणखी वाढवू नका, डॉक्टरांना दाखवा.

दुसरी: मास्क खुर्चीत बसवून, मशीन बंद ठेवून मापणं. आडवं झाल्यावर गाल पसरतात आणि गळती सुरू होते. मग पट्टे करकचून आवळतात, मास्कची गादी चपटी होते, गळती आणखी वाढते आणि नाकाच्या हाडावर जखम होते. आडवं झोपवून, दाब चालू ठेवून, आधी पट्टे सैल करून मास्क जरा उचलायचा, गादीत हवा भरू द्यायची, मग हळूहळू आवळायचं. भरघोस मिशी असेल तर नाकपुडीत बसणाऱ्या पिलोज बघा.

तिसरी: तोंड उघडं पडतं म्हणून लगेच पूर्ण तोंडाचा मास्क. तो खालच्या जबड्याला मागे ढकलतो, बऱ्याचदा दाब जास्त लागतो. आधी नाक मोकळं करा. नाक चोंदलेलं असेल तर सलाइन, डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइड स्प्रे आणि ह्युमिडिफायर. एसीच्या खोलीत नळीत पाणी साचून तोंडावर येतं, तेव्हा नळीवर कापडी आवरण घाला किंवा ओलावा एक पायरी कमी करा. वीज जाते तिथे मशीनच्या व्होल्टेजला जुळणारी बॅटरी ठेवा आणि ह्युमिडिफायर बंद करा, सगळ्यात जास्त वीज तोच खातो.

सह्यकडा

निवडीचा प्रश्न निदानापासूनच सुरू होतो. घरच्या चाचणीत मेंदूच्या लहरी नोंदवत नाहीत, खरी झोप किती ते कळत नाही, त्यामुळे अडथळ्यांचा भागाकार झोपेच्या तासांनी नव्हे, रेकॉर्डिंगच्या तासांनी होतो. रात्रीत 90 अडथळे आणि खरी झोप साडेचार तास, तर एएचआय 20. पण रेकॉर्डिंग 7 तासांचं असेल तर रिपोर्ट म्हणतो 13. मध्यम आजार कागदावर सौम्य झाला! उथळ श्वास मोजायला ऑक्सिजनची 3 टक्के घट धरली की 4 टक्के, यानेही आकडा बदलतो. रिपोर्टवर ते लिहिलेलं नसेल तर विचारून घ्या.

वजनाचा मुद्दा दोघांनीही घेतला नाही. विस्कॉन्सिनच्या पाहणीत (2000) 10 टक्के वजन वाढलं तर एएचआय सुमारे 32 टक्के वाढला, 10 टक्के उतरलं तर 26 टक्के कमी झाला. 2024 च्या टिर्झेपटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनच्या चाचण्यांत 52 आठवड्यांत तासाला 25 ते 29 अडथळे कमी झाले, औषधाविना 5. पण ते लोक बरेच लठ्ठ होते. आपल्याकडे लहान जबडा आणि बीएमआय 26 असलेलाही ॲप्नियात सापडतो. त्याला या इंजेक्शनने तेवढा फरक पडेल असं गृहीत धरू नका. ॲप्नियाचा संशय ठरवणाऱ्या स्टॉप-बँगच्या प्रश्नावलीत बीएमआय 35 ची अट आहे, हा माणूस त्या गुणाला तर मुकतोच. मुंबईत डॉ. उदवाडियांच्या 2004 च्या पाहणीत 35 ते 65 वयाच्या पुरुषांत 19.5 टक्क्यांना झोपेत श्वासाचा त्रास होता, दिवसाच्या पेंगेसह धरले तर 7.5 टक्के.

सीपॅपऐवजी तोंडात घालायचं, जबडा पुढे आणणारं उपकरण सुचवतानाही एक बघा. गुटखा-सुपारीने तोंड आखडलेलं असेल तर माप घेणं आणि जबडा पुढे सरकवणं, दोन्ही अडतं. आधी तोंड किती उघडतं ते मोजा.

रात्रदिवा

@नळीवाला, 4 ते 20 बद्दलचं लिहिणं प्रत्येक मशीनच्या खोक्यात घालावं असं आहे. @पडजीभ, "कोणाच्या हृदयासाठी" हा प्रश्न मी घेतो. पण उत्तर येईपर्यंत रुग्णाला होकारार्थी वाक्य सांगू नये, यावर मी ठाम आहे. अपघात मात्र वेगळा विषय. अमेरिकेतल्या ट्रकचालकांच्या 2016 च्या अभ्यासात मशीन न वापरणाऱ्यांचे टाळता येण्याजोगे गंभीर अपघात पाचपट होते. चालकाला मी हृदय नव्हे, स्टिअरिंग दाखवतो.

पडजीभ

चालकांबाबत एकमत. फक्त त्यांना एपवर्थचा फॉर्म देऊन थांबू नका. लायसन्स जाईल या भीतीने सगळे 4-5 गुण भरतात. केबिनमध्ये शेजारी झोपणाऱ्या क्लीनरला विचारा: घोरणं मधेच थांबतं का, आणि मग दचकून सुरू होतं का?