झाडाचं पीजीआयपी (एन्झाइमला अडवणारं प्रथिन) बुरशीचं एन्झाइम बंद करतं की नुसतं स्लो?

बॉटनी_टीवाय: करडी बुरशी (बोट्रायटिस) पॉलिगॅलॅक्टुरोनेज हे एन्झाइम सोडून पेशीभित्तिकेतलं पेक्टिन तोडते इथवर कळलं, पण झाडाचं पीजीआयपी नक्की काय करतं? सर म्हणाले वाचा, झालं.

रानपाखरू: बहुतेकदा स्लोच, आणि गंमत तिथेच आहे. पेक्टिन फटाफट तुटलं तर बारके तुकडे होतात, ते बुरशीचा खाऊ. ब्रेक लागला की साधारण १०-१५ साखर-कड्यांचे लांब तुकडे जास्त वेळ टिकतात आणि झाड तेच ओळखून अलार्म वाजवतं, म्हणजे शत्रूच्याच हाताने घंटा!

लॅबवाला: +१. पण कुठलंही पीजीआयपी कुठल्याही एन्झाइमला चालत नाही. घेवड्यातलं पीजीआयपी नंबर २ फ्युजेरियम मोनिलिफॉर्मे या बुरशीचं एन्झाइम अडवतं, नंबर १ नाही, आणि १ मध्ये २२४ व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललं की तेही अडवायला लागतं.

बॉटनी_टीवाय: भारी. मग टोमॅटोत घातलं तर सडणारच नाही?

रानपाखरू: नाही रे, नासपतीचं घालून बघितलंय, २००० मध्ये पेपर आला. लागण झालीच, फक्त डाग हळू पसरला.