सोल्युशन: द्रावण, उकल, की आणखी काही?

मुलगी आठवीत, सेमी-इंग्रजीला. विज्ञानाच्या वहीत सोल्युशन म्हणजे मीठपाणी, गणिताच्या वहीत सोल्युशन म्हणजे उत्तर. ‘दोन्हीला एकच शब्द कसा?’ म्हणते. मला काही सांगता येईना. मराठीत दोन्हीकडे चालेल असा शब्द आहे का?

*

मूळ लॅटिन ‘सोल्वेरे’. अर्थ सैल करणं, सोडणं. मिठाचा खडा पाण्यात सैल होतो, कोड्याची गाठ डोक्यात सैल होते. आपण पाठ्यपुस्तकांत वाटणी करून टाकली. रसायनात द्रावण, द्राव्य, द्रावक. गणितात समीकरणाची उकल. द्रावण ‘द्रु’ (धावणे, वाहणे) या धातूपासून, मन द्रवतं तेही तिथलंच. उकल घडीची नाहीतर शिवणीची. (‘ल’चा ‘ळ’ केलात तर चहा होईल.)

*

एवढं लांब कशाला जायचं? ‘सुटणं’ आहे की. गाठ सुटते, गणितही सुटतं. हिंदीतलं छूटना तेच. छुरीची आपण सुरी केली, तसं छुट्-चं सुट्-. आता पुरणाचं पातेलं बघा. शिजलेल्या डाळीत गूळ घातला की पाच मिनिटांत सगळं पातळ. ‘पाणी सुटलं’ म्हणतो आपण, आणि मग उलथनं उभं राहीपर्यंत आटवत बसतो. साडीचा रंगही सुटतो. झालं ना दोन्हीकडे?

*

अर्धंच झालं. सुटतं ते पाणी, गूळ विरघळतो. मीठ पाण्यात ‘सुटलं’ असं कुणी म्हणत नाही. (आणि वितळतोही नाही हो! चिक्कीला नुसता गूळ कढईत तापवला की वितळतो. विरघळायला पाणी लागतं, वितळायला आच.)

माझं मत ‘फिटणं’ला. आजी म्हणायची, ‘निऱ्या फिटल्या बघ तुझ्या’, म्हणजे सुटल्या. हा मूळ अर्थ. पण शंकाही फिटते, आणि अंधार फिटतो तेव्हा तो विरूनच जातो. शिवाय कर्ज फिटतं. गंमत म्हणजे लॅटिन सोल्वेरेलाही देणं चुकतं करणं हा अर्थ आहे. म्हणून इंग्रजीत सॉल्व्हंट म्हणजे द्रावकही आणि कर्ज फेडू शकणारा माणूसही. ‘फेडणं’ हे फिटण्याचंच प्रयोजक रूप: वस्त्र फेडा, नवस फेडा, कर्ज फेडा. मीठ मात्र फिटत नाही, हे कबूल.

*

आभार. मुलीला फिटणं समजावून सांगितलं. ‘म्हणजे जीन्स फिट होते तेच ना?’
बरोब्बर उलटं. आता परत पहिल्यापासून.