टँगोचा इंटेन्सिव्ह कोर्स: नागपुरातूनच काय तयारी करून जाऊ?

धंतोलीवाली
ऑगस्टमध्ये ब्युनोस आयर्सला टँगोच्या इंटेन्सिव्ह कोर्सला जाऊन राहिले आहे. फी भरून झाली, सासूबाईंना सांगून झालं (त्यांना फक्त तिथं शाकाहारी काय मिळेल याची काळजी). शिकवायच्या स्टेप्सच्या यादीत बोलेओ, गांचो (जोडीदाराच्या पायाला पाय अडकवणं), वोल्काडा, कोल्गाडा सगळंच आहे. मला येतं ते चालणं, क्रॉस अन ओचो (आठच्या आकड्यासारखी वळणं), तेही साल्सावाल्या सरांकडून शिकलेलं. मी फॉलोअर (लीडर नेईल तसं नाचणारी), पक्का पार्टनर नाही. व्हिडिओ पाहून नवऱ्यासोबत वोल्काडा करून पाहिला, तर म्हणे, "तू पडून राहिली का मला पाडून राहिली?" एकटीने काय सराव करू? वय ४६, उजवा गुडघा कुरकुरतो.

मनीषनगरी
ताई, मी असाच कोर्स करून आलो. यादीला घाबरू नका, यातलं बरंचसं फॉलोअरने मुद्दाम करायचंच नसतं. बोलेओच घ्या. लीडर तुम्हाला मागच्या ओचोत वळवतो अन वळण पुरं व्हायच्या आत उलटं फिरवतो. मोकळा पाय कमरेपासून सैल असला की आपल्याच झोकाने उभ्या पायाभोवती जातो अन परत येतो. गुडघे जवळजवळ ठेवा, बस. पाय हौसेने उचलून फेकला की ती लाथ होते, अन मागच्याच्या पोटरीवर बसते.

वोल्काडात लीडर तुम्हाला पुढं झुकवतो, कोल्गाडात बाहेर. दोन्हीत अंग फळीसारखं सरळ हवं, कमरेत मोडायचं नाही अन त्याच्या मानेला लटकायचं तर मुळीच नाही. म्हणून नवऱ्याला सध्या सोडा. भिंतीला बोटं टेकून एका पायावर उभं राहा, वजन चवड्यावर, आधी छाती वळवा, मग कंबर. रोज, पण थोडंच.

गुडघ्याचं मात्र मनावर घ्या. टाइल्सवर रबरी सोलचे बूट घालून पिव्होट केला (एका पायावर फिरलं) की तळ अडकतो अन सगळा पीळ गुडघ्यावर येतो. मी बर्डीवरच्या चांभाराकडून जुन्या बुटांना चामड्याचा तळ लावून घेतला होता. त्यानं दोनदा विचारलं, "घसरून पडाल ना साहेब?"

तर्री_जास्त
भाऊंशी सहमत. भर एक: वर्गात शिकलेलं सगळं संध्याकाळी मिलोंगात, म्हणजे टँगो नाचायच्या मैफलीत, काढू नका. तिथं जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने रांगेत फिरतात, गर्दीत गांचो मारला तर लोक डोळे वटारतात. ऑगस्टमध्येच तिथं जागतिक स्पर्धा असते, तिच्यातल्या पिस्ता (म्हणजे डान्स फ्लोअर) गटात तर गांचो अन उड्या चालतच नाहीत. ते एस्सेनारिओ गटासाठी, म्हणजे रंगमंचासाठी.

अन नाचायचं बोलावणं नजरेनं होतं. आपल्याकडे कोणी टक लावून पाहिलं की आपण मान फिरवतो. तिथं मान फिरवली म्हणजे नकार! होकार द्यायचा तर नजर धरून मान हलवा. मग तीन-चार गाण्यांची तांदा त्याच्यासोबतच. मध्येच "थँक्यू" म्हटलं की नाच संपला, म्हणून गाण्यांच्या मधे जीभ आवरा. कोर्तिना (दोन तांदांमधलं छोटं संगीत) वाजली की जागेवर.

कपडे गरम न्या. आपल्याकडे उकाडा असला तरी तिथं हिवाळा.

धंतोलीवाली
बापा! थँक्यूचं बरं सांगितलं, माझ्या तोंडात तेच असतं. चांभाराचा पत्ता मेसेजमध्ये टाका ना भाऊ.