नवराच नांदायला येतो, तिथं ‘माहेर’ कसं लिहू?

सेलूकरीण:
मी सेलूची, परभणी जिल्हा. शाळेतून रिटायर होऊन चार वर्षं झाली. नातीनं मोबाइलवर एक इंग्रजी कादंबरी धाडली. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका चेरोकी (तिथली एक मूळनिवासी जमात) घरातली पणजी, आजी, आई आणि लेक, अशा चौघींची. (नाव सांगत नाही, भाषांतराची परवानगी अजून मागायची आहे.) तिसऱ्याच पानावर ‘सेलू’ आलं आणि मी चष्मा पुसला. चेरोकी भाषेत सेलू म्हणजे मका, आणि मक्याची पहिली आई तीही सेलूच! ती पोट चोळून टोपलीत दाणे पाडायची. पोरांनी चोरून बघितलं, चेटकीण ठरवून तिला मारलं. मरायच्या आधी तिनं सांगितलं, जागा साफ करा आणि माझा देह तिथं सात वेळा ओढा. आळशी पोरांनी दोनदाच ओढला. रक्त सांडलं तिथं मका उगवला, आणि म्हणून म्हणे मक्याची मशागत दोनदाच. आता स्टेशनावरची आमच्या गावाची पाटी बघितली की हीच बाई आठवते.

असो. दुपारी भिशीत मी रोज दोन पानं मराठीत सांगते आणि रात्री वहीत उतरवते. पणजी तिच्या आजीकडून ऐकलेलं सांगते तिथं गाडी अडली. जुन्या रीतीत कुळ आईकडून यायचं, घर नि परसातलं शेत बाईचं, लग्न झालं की नवरा तिच्याकडं राहायला यायचा. पटलं नाही तर त्याचं बोचकं दाराबाहेर. मग ‘माहेरी आली’ कुठं लिहू? ती गेलीच नव्हती कुठं! आणि ‘घरजावई’ म्हटलं की बाया तोंडाला पदर लावून हसतात. गोष्टीत तर हसण्यासारखं काहीच नाही.

गोदाकाठ:
ताई, सरळ ‘नांदायला आला’ लिहा. वाचणारा एकदा ठेचकाळेल, पण तेच तर पाहिजे.
‘कुळ’ मात्र जपून. आमच्याकडं कूळ म्हटलं की कूळकायदा आणि तहसीलच आठवतं, ऱ्हस्व-दीर्घ कोण बघतो! ‘देवक’ कसं वाटतं? त्यांची सात कुळं, त्यात लांडगा, हरीण, पक्षी. एका कुळात सोयरीक नाही. आपल्याकडंही एका देवकात करत नाहीत. फरक एवढाच की आपलं देवक बापाकडून येतं.

पाटीपेन्सिल:
देवक नको. आपलं देवक लग्नाच्या मांडवात बसतं आणि तिथंच संपतं. त्यांच्या कुळातला माणूस कुणी मारला तर बदला घेणं कुळाचं काम होतं, १८१० साली त्यांनी ते स्वतःच बंद केलं. एवढं ओझं देवकाला झेपत नाही. ‘कुळ’च ठेवा, दोन पानांत सवय होईल.
तुमच्या कामाची एक गोष्ट सांगते. आईची बहीणही त्यांच्यात आईच, हाक एकच. ‘माय मरो पण मावशी जगो’ म्हणणाऱ्यांना हे समजवावं लागणार नाही. तिथं ‘मावशी’ लिहूच नका, ‘धाकली माय’ लिहा.

सेलूकरीण:
धाकली माय! माझी आई तिच्या मावशीला असंच म्हणायची. घेतलं.
आता १८३८ चं प्रकरण येईल, चेरोकींना जॉर्जियातल्या त्यांच्या गावांतून ओक्लाहोमाकडं हाकललं ते. त्याला वहीत ‘बहात्तरच्या दुष्काळासारखं’ असं लिहिलंय.

गोदाकाठ:
ते खोडा, ताई. बहात्तरला माझी आजी रोजगार हमीवर खडी फोडायला गेली, पण पाऊस पडल्यावर घरी आली. दार तेच, चूल तीच. यांच्या दारात बंदूकवाले सैनिक उभे राहिले. जमीन सोडून जायचा १८३५ चा करार मूठभर लोकांनी सही केलेला, बाकीच्यांना मान्यच नव्हता. आधी छावण्यांत कोंडलं, मग थंडीत पश्चिमेला चालवलं. साधारण चार हजार माणसं दगावली असं धरतात. परत यायचं नव्हतंच. बायकांच्या नावाची घरं नि शेतं मागं राहिली, तुमच्या कादंबरीत बायांचं राज्य का मोडलं त्याचं एक कारण इथंही असेल. उपमा देऊन ते आपल्या अंगणात ओढू नका, जॉर्जियातच राहू द्या.

सेलूकरीण:
खोडलं.
आणि आज ‘नांदायला आला’ वाचून दाखवलं. कुणी हसलं नाही. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या अक्का, ऐंशीच्या पुढच्या, सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबला. म्हणाल्या, “मंग त्याला पाठवताना त्याची माय रडली आसंल की.”
कादंबरीत असं वाक्य कुठंच नाही. वहीच्या समासात लिहून ठेवलंय. आत घेऊ का?