'बॅटरी पिणारं धूड' म्हणून रिटार्डर काढायला निघालेल्यांसाठी

घाटवाट
जड गाड्यांच्या धाग्यावर काल एका सदस्याने रिटार्डरबद्दल, म्हणजे उतारावर गाडीचा वेग चुंबकाने आवरणाऱ्या वेगळ्या ब्रेकबद्दल, लिहिलं: "इलेक्ट्रोमॅग्नेटिक रिटार्डर म्हणजे बॅटरी पिणारं धूड. उतारावर खालचा गिअर टाकला की भागतं. बॅटरी बसली की ब्रेकही बसला. काढून टाका." त्यावर धडाधड +१ पडले. जीव जाण्याशी संबंध असलेल्या गोष्टीवर असं काही वाचून गप्प बसवेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

गाडी बॅटरीच्या जोरावर थांबत नाही हो. आकडे मांडून बघा. 16 टनांची भरलेली बस, 7 टक्के उतार, वेग ताशी 30 किमी. तो वेग वाढू द्यायचा नसेल तर सुमारे 90 किलोवॅट सतत कुठेतरी जिरवावे लागतात. टायर त्यातले दहाएक खातील. उरलेले 80? रिटार्डरच्या कॉइलना 24 व्होल्टवर 100 अँपिअर दिले तरी होतात 2.4 किलोवॅट. एवढ्याशा विजेने 80 किलोवॅट अडत नाहीत. ती वीज फक्त चुंबकक्षेत्र उभं करते. त्या क्षेत्रातून प्रॉपेलर शाफ्टवरच्या (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावरच्या) चकत्या फिरतात, चकत्यांच्या लोखंडातच भोवरा प्रवाह, म्हणजे गोल गोल फिरणारे विजेचे प्रवाह, उठतात, ते फिरण्याला विरोध करतात आणि चकत्या तापतात. ती सगळी उष्णता गाडीच्याच वेगातून आलेली असते. लेऑन फूकोने हे 1855 मध्ये दाखवलं, 1936 मध्ये राऊल साराझँने गाड्यांसाठी पेटंट घेतलं.

बॅटरी बसली तर रिटार्डर जाईल. हवेचे ब्रेक तिथेच असतात, कारण त्यांचा कॉइलशी काही संबंध नाही. रिटार्डरचं काम एकच, पायाखालचा ब्रेक उतारभर थंड ठेवणं. चाकातला ड्रम तापला की फुगतो, त्याला घासून थांबवणाऱ्या लायनरपासून दूर जातो, लायनरची पकडही उतरते. मग वळणावर कोणी आडवं आलं की पाय तळाला जातो आणि गाडी चालतच राहते.

चौथा गिअर
ते +१ वाल्यांपैकी एक मी. आकडेमोड बरोबर असेल, पण अर्धीच सांगितलीत. चकत्या तापल्या की लोखंडाचा विद्युत रोध वाढतो आणि रिटार्डरचा जोर घसरतो. उताराच्या सुरुवातीला जेवढा मिळतो त्याच्या निम्माही शेवटी उरेल याची खात्री नाही. म्हणजे ज्या फेडची (तापून जोर उतरण्याची) भीती तुम्ही ड्रमबद्दल घालताय, तो इथेही आहे. शिवाय शेकडो किलोचं ओझं सपाट रस्त्यावरही वाहायचं.

इंजिन ब्रेकला हा त्रास नाही. 1931 मध्ये डिझेल इंजिनं बनवणाऱ्या क्लेसी कमिन्सचा ट्रक अमेरिकेतल्या कहोन खिंडीत ब्रेक जाऊन सुटला, खाली रेल्वे फाटकावर मालगाडी होती, जेमतेम वाचले. त्या अनुभवावरच त्यांनी पुढे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबलेली हवा) सोडणारा इंजिन ब्रेक काढला, 1961 पासून तो विकला जातोय. उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरमधून जाते, वजन नगण्य. मग चुंबक कशाला?

निवृत्त फोरमन
दोघांचंही वाचलं. वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं, म्हणून लिहितो.

जोर घसरतो हे खरं, पण 'घसरतो' आणि 'जातो' यात फरक आहे. रिटार्डर मंदावला तरी खाली तुमचे लायनर थंड असतात. ड्रम मंदावला की त्याच्या मागे काहीच नसतं.

आणि तो का मंदावतो तेही बघा. बहुतेक गाड्या तपासणीच्या खड्ड्यावर घेतल्या की खाली एकच चित्र. चकतीच्या पंख्यांत चिखल आणि ग्रीसचा थर थापलेला, हवा जायला फट नाही, लोखंड निळं पडलेलं. स्टेटर (कॉइलचा न फिरणारा भाग) आणि चकतीमधली एअर गॅप मिलिमीटर-दीड मिलिमीटरची. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून ती कोणी तपासत नाही. बेअरिंगला खेळ आला की चकती घासायला लागते, गॅप वाढली की जोर कमी. त्यात कोणीतरी उतरून आल्याबरोबर तापलेल्या चकतीवर पाण्याचा पाइप मारतो आणि चकतीला तडे जातात. एवढं सगळं झाल्यावर शिव्या चुंबकाला.

चौथा गिअर
देखभालीचं मान्य. पण मूळ दुखणं वेगळं आहे. इंजिन ब्रेक गिअर असेल तरच लागतो. रिटार्डर गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर बसतो, म्हणजे न्यूट्रलमध्येही काम करतो. परिणाम काय? ड्रायव्हर माथ्यावरच गाडी न्यूट्रल करतो, डिझेल वाचवतो आणि रिटार्डरची दांडी खेचून निवांत उतरतो. ही सवय मोडा, रिटार्डरची गरजच उरणार नाही.

लांबपल्ला
आलात का शेवटी ड्रायव्हरवर! मी गाडी चालवतो. न्यूट्रल हौसेने कोण मारतं? अ‍ॅव्हरेज कमी पडलं की डिझेलचे पैसे पगारातून कापतात. मी ज्यांच्याकडे होतो त्या मालकाने तर रिटार्डरची वायरच सोडून ठेवली होती, 'अल्टरनेटरवर लोड येतो' म्हणून. दांडी ओढायची, दिवा लागायचा नाही, गाडी पळायची. रात्री उतरताना मागच्या चाकातून धूर येताना आरशात दिसला. लायनरचा करपट वास केबिनमध्ये भरला. खालच्या गिअरमध्ये घातली आणि चढणीचा तुकडा आला म्हणून थांबली. मागे चाळीसच्या वर माणसं झोपलेली होती. त्यांना काहीच कळलं नाही. 'सवय मोडा' म्हणायला काही लागत नाही.

चौथा गिअर
तुमच्या मालकाचा गुन्हा माझ्या माथी मारू नका. मी जे प्रत्यक्ष पाहिलंय ते लिहिलं. न्यूट्रल मारणारा ड्रायव्हर मालक पुढे उभा असला तरी मारतो.

तारतंत्री
डिझेल वाचतं ही समजूतच आधी सोडा, म्हणजे निम्मं भांडण मिटेल. आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर बंद होतात. चाकंच इंजिन फिरवतात, डिझेल शून्य. न्यूट्रल केली की इंजिन आयडलवर जागं ठेवायला डिझेल जाळावंच लागतं. म्हणजे उतारावर न्यूट्रल मारणारा जास्त जाळतो आणि वर इंजिनाचा रोधही गमावतो.

लांबपल्ला
हे मालकाला कोणी सांगितलं? आम्हाला तर जुन्या ड्रायव्हरांनी उलटंच शिकवलं.

निवृत्त फोरमन
जुन्या ड्रायव्हरांचंही ऐकून घ्या, त्यांना ही सवय लागली ती कार्बोरेटरच्या पेट्रोल गाड्यांवर. तिथे गिअरमध्येही पेट्रोल ओढलं जायचं. गाड्या बदलल्या, शिकवण तीच राहिली. ट्रेनिंगला पैसा नाही, ही खरी बोंब आहे. नवीन गाडी आली की चावी हातात देतात, दांडीचे चार टप्पे कशाला आहेत ते सांगायला कोणी थांबत नाही. मग ड्रायव्हर एकदम चौथा टप्पा ओढतो.

ओला रस्ता
चौथ्या टप्प्यावरूनच बोलते. रिटार्डर फक्त इंजिन ज्यांना फिरवतं त्या मागच्या अ‍ॅक्सलच्या चाकांना अडवतो, पुढच्या चाकांना नाही. निसरड्यावर मागची चाकं घसरतात आणि गाडी आडवी होते, रिकामी असेल तर आणखी लवकर. एबीएसशी (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेशी) जोडणी नीट असेल तर चाक घसरताच रिटार्डर सुटतो. जोडणीच केली नसेल तर? म्हणून पावसात पहिला टप्पा, फार तर दुसरा. धागाकर्ते, तुमच्या लेखात हे यायला हवं होतं. 'लावा आणि निर्धास्त राहा' असा अर्थ लोक काढतील.

घाटवाट
निर्धास्त राहा असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पण पावसाबद्दल पूर्ण सहमत. एक भर घालतो. चकतीचा वेग कमी झाला की विरोधही कमी होतो, थांबलेल्या चकतीत प्रवाहच उठत नाही. म्हणून गाडी पूर्ण उभी करायला किंवा उतारावर धरून ठेवायला रिटार्डर कामाचा नाही.

चौथा गिअर, इंजिन ब्रेकचा विरोध मी केलेलाच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 13 क्रमांकाच्या नियमात लांब पल्ल्याच्या बससाठी चाचणी अशी आहे: 6 किमी, 7 टक्के उतार, ताशी 30 किमी, पायाचा ब्रेक न वापरता. तो भार इंजिनाने पेलायचा, तेलाच्या रिटार्डरने की चुंबकाने, हे बनवणाऱ्याने ठरवायचं. फक्त काहीतरी हवं, आणि 'खालचा गिअर टाका' म्हणजे ते काहीतरी नव्हे.

चौथा गिअर
ठीक. 'काढून टाका' हे जास्त होतं, लावलेला असेल तर ठेवा. नवी गाडी घेताना मात्र मी इंजिन ब्रेकच घेईन, वजनाचा मुद्दा तुम्ही कोणीच खोडलेला नाही.

तारतंत्री
इलेक्ट्रिक बस घेतलीत तर इंजिनच नसेल. माथ्यावर बॅटरी पूर्ण भरलेली असली की रिजनरेशनची (वेग आवरताना मोटर परत देते ती) वीज घ्यायला जागा नसते, तेव्हा ती जाळायला वेगळा रेझिस्टर लागतो किंवा असाच एखादा रिटार्डर.

चौथा गिअर
त्यासाठी वेगळा धागा काढा.

लांबपल्ला
त्याआधी कोणीतरी मला सांगा, वायर सोडलेली आहे हे गाडी ताब्यात घेताना कसं ओळखायचं? दांडी तर प्रत्येक गाडीत हलतेच.

निवृत्त फोरमन
निघण्याआधी सपाट, मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि एकेक टप्पा ओढा. प्रत्येक टप्प्याला ओढ वाढल्याचं जाणवलं पाहिजे. एखादा टप्पा गेला असेल तर त्या कॉइलचा रिले किंवा अर्थिंग बघायला सांगा. काहीच जाणवलं नाही तर ती गाडी उताराला घेऊन जाऊ नका, आणि का नेत नाही ते वहीत लिहून सही घ्या.